मिलिंद : प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव

राहुल, सिद्धार्थ, आनंद या नावांप्रमाणेच 'मिलिंद' हे नाव आपल्या समाजात घरोघरी सापडते. मागे आमच्या महालात एका घरी नामकरण विधी होता. त्रिशरण-पंचशील झाले, बाळाचे नाव मिलिंद ठेवले. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "छान नाव! मिलिंद म्हणजे भुंगा." त्यावर बाळाची पणजी म्हणाली, "मंग बाबासाहेबाच्या कॉलेजले भुंग्याचं नाव देलं काय जी?"

शब्दकोश खोटा नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाच. पण आपल्या घरातला मिलिंद पाली वाङ्मयातून आला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर हा ग्रीक राजा होऊन गेला. पालीत त्याचा मिलिंद झाला. वादात तो भल्याभल्यांना निरुत्तर करी. भिक्खू नागसेनांशी झालेली त्याची प्रश्नोत्तरे 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहेत.

विशेष म्हणजे त्या संवादाची सुरुवात नावापासूनच होते. राजा नाव विचारतो. भन्ते सांगतात, मला नागसेन म्हणतात, पण हे नाव केवळ व्यवहारापुरते. त्यामागे कायमचा असा कोणी 'मी' नाही. मग ते रथाचा दाखला देतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सारे भाग जुळले म्हणजे रथ हे नाव पडते.

पुढे नागसेन अट घालतात की, पंडितासारखा वाद करणार असाल तरच बोलू, राजासारखा नाही. पंडित हरला तरी रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो. मिलिंदाने अट मान्य केली आणि अखेर तो तथागतांचा उपासक झाला, असे ग्रंथ सांगतो.

परमपूज्य बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) काढलेले महाविद्यालय याच मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकाच आवारात!

शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असा मनुस्मृतीचा दंडक होता. आपल्या वाडवडिलांत कचरू, धोंड्या, दगड्या अशी नावे असत. काही नावे मूल जगावे म्हणूनही ठेवत, हे खरे. पण हाक मारणाऱ्याच्या तोंडी तुच्छताच असे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि आपण आपल्या इतिहासातून नावे निवडू लागलो.

पण नाव निवडले म्हणजे काम संपले काय? वस्तीच्या बैठकीत एखाद्या पोराने जयंतीच्या वर्गणीचा हिशेब विचारला की, "तू कालचा पोरगा, बस खाली!" असे उत्तर मिळते. घरातही तेच. मुलाचे नाव मिलिंद ठेवायचे आणि त्याने प्रश्न विचारला की गप्प करायचे, हे त्या नावाला शोभत नाही.

मिलिंदांच्या आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे : मुलाला हा अर्थ सांगा, आणि त्याच्या प्रश्नाला राजासारखे नव्हे, पंडितासारखे उत्तर द्या.

जय भीम!