पुढचं गाव

पुण्यात कोणी "गाव कुठलं?" विचारलं की मी जळगाव सांगतो. समोरचा "अच्छा, केळी!" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. समोरचा जळगावचाच निघाला तर मात्र "म्हणजे यावल" असं पुढं जोडावं लागतं. मग तो हसतो, "असं सांग ना, जळगाव कशाला सांगतो?" आणि हाच माणूस नाशिकच्या किंवा पुण्याच्या माणसासमोर "जळगाव" म्हणताना आवाज थोडा खाली आणतो, हेही मी पाहिलंय.

यावल माहीत नसणाऱ्यांसाठी: तापी ओलांडून उत्तरेला आलं की सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं तालुक्याचं गाव. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास होती. निंबाळकरांचा पडका किल्ला आहे, महर्षी व्यासांचं मंदिर आहे, तिथं गुरुपौर्णिमेला गर्दी होते. एसटीचं आगार आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावावरून जातो, रेल्वे मात्र नाही. रेल्वे भुसावळला, साधारण 20 किलोमीटरवर. तिथून जळगाव आणखी पंचवीसेक किलोमीटर. आमच्या आयुष्याचा नकाशा एवढाच आहे: यावल, भुसावळ, जळगाव आणि मग एकदम पुणे.

मी 2019 ला जळगावातून इंजिनिअरिंग करून पुण्याला नोकरीला लागलो आणि मार्च 2020 मध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो. पंधरा दिवसांसाठी. ते पंधरा दिवस पाच वर्षं चालले. आता कंपनीचा मेल आलाय की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यायचं. मेल आल्यापासून जो भेटेल तो मत देतोय. राहावं की जावं, यावल चांगलं की नाही, जळगावला फ्लॅट घेऊन टाक, पुण्यात घे, कुठंच घेऊ नको. मीही मग सगळ्यांचं नीट ऐकायला लागलो.

वडिलांच्या पिढीचं मत ठरलेलं आहे. "अठी काय कमी आहे तुले?" घर स्वतःचं, दूध समोरून काढलेलं, भाजी शेतातली, ट्रॅफिक नाही, चार माणसं ओळखीची. यातलं खोटं काहीच नाही. पुण्यात मी एका खोलीत दोन पार्टनरसोबत राहायचो, तरी माझ्या वाट्याला नऊ हजार यायचे आणि ऑफिसला जाण्या-येण्यात रोज अडीच तास. इथं सकाळी डेली कॉलच्या पाच मिनिटं आधी उठलो तरी चालतं. पाच वर्षांत जेवढे पैसे साठले तेवढे पुण्यात साठले नसते, हे मी एक्सेल शीटमध्ये मांडून पाहिलंय.

पण त्या शीटमध्ये एक कॉलम राहतो. यावल स्वस्त आहे, कारण अर्ध्या गोष्टी इथं मिळतच नाहीत. त्यांचा खर्च आपण दुसऱ्या गावात जाऊन करतो. आईचा चष्मा भुसावळला. लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला, जळगावला. दातांचं थोडंफार इथं, रूट कॅनल जळगावला. लग्नाचं सोनं तर जळगावशिवाय कोणी घेतच नाही, सराफ बाजारात गेल्याशिवाय बायांना ते सोनं वाटत नाही. एक दिवस, जाण्या-येण्याचं पेट्रोल आणि येताना हॉटेलातली शेवभाजी. हे कोणी "यावलचा खर्च" म्हणून धरत नाही.

आणि दवाखाना. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींना रात्री दोन वाजता धाप लागली. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पुढं न्या." भुसावळला नेलं. तिथंही थोडा वेळ ऑक्सिजन लावून सांगितलं, "वेळ घालवू नका, पुढं न्या." जळगावला पहाटे पोचलो. गाडी मी चालवत होतो. आजी वाचल्या, आजही ओट्यावर बसून लसूण सोलतात. पण त्या रात्रीपासून "पुढं" हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे सगळंच पुढं असतं. पुढचं शिक्षण, पुढचा इलाज, पुढची नोकरी. बरं, जळगावलाही हेच ऐकू येतं. तिथं 2018 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, तरी अवघड केस आली की नातेवाईक आपसात विचारतातच, मुंबईला न्यायचं का?

जळगावबद्दल माझ्या वर्गमित्रांची मतं यावलपेक्षा जास्त टोकाची आहेत. एकाच्या घरी डाळमिल आहे. तो म्हणतो, जळगावसारखं शहर नाही. दिल्लीची गाडी दारातून, गुजरात जवळ, इंदूर जवळ, डाळ असो, पाइप असो, प्लास्टिकच्या चटया असोत, एका एमआयडीसीतून माल सगळ्या देशात जातो. दुसरा तिथंच एका छोट्या कंपनीत नेटवर्किंगचं काम करतो. तो म्हणतो, हे शहर मालकांसाठी आहे, नोकरांसाठी नाही. पुण्यात फ्रेशरला जे मिळतं ते त्याला सहाव्या वर्षी मिळतंय. रस्त्यांबद्दल दोघांचंही एकमत आहे, ते इथं छापण्यासारखं नाही. नळाला रोज पाणी नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा दुपारी बारा ते पाच सगळं शहर कूलरच्या आवाजात झोपलेलं असतं. तरी बाहेरचा कोणी काही बोलला की दोघंही एकदम गांधीतीर्थ, मेहरूणचा तलाव, बहिणाबाई आणि महापालिकेची सतरा मजली इमारत असं एका दमात सांगतात. साडेचार लाखांच्या वर वस्तीचं गाव एकच उंच इमारत इतक्या अभिमानाने दाखवतं, याची मला गंमत वाटते. आमचीही तऱ्हा तीच. इथून वीस-पंचवीस मिनिटांवर फैजपूर, तिथं 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, गांधीजी आलेले, सजावट नंदलाल बोस यांची. त्या अधिवेशनाचा अभिमान आम्ही अजून पुरवून पुरवून वापरतोय.

सगळ्यात जास्त प्रेमाने गावाबद्दल बोलतात ते इथं न राहणारे. डिसेंबरात भरताची वांगी चांगली निघतात, बामणोदची तर विचारूच नका, तेव्हा पुण्याची, सुरतेची मंडळी येते आणि शेतात भरीत पार्टी होते. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल, सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. मागच्या वर्षी आमच्याच शेतात पंचवीस-तीस जण होते. चिंचवडला राहणारा चुलतभाऊ तिसऱ्यांदा भरीत वाढून घेताना म्हणाला, "खरं जगणं हेच आहे यार. तिकडं काय, नुसती धावपळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. वाढणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला दोन दिवसांचं गाव माहीत आहे. तीनशे त्रेसष्ट दिवसांचं मी सांगू का?" हशा झाला. त्यांनी सांगितलं मात्र नाही, कारण तेवढ्यात कोणीतरी पुऱ्या संपल्याचं ओरडलं.

नंतर भांडी गाडीत भरताना मी त्यांना विचारलं. वहिनी नाशिकच्या, एम.एस्सी. झालेल्या, लग्नाआधी लॅबमध्ये नोकरी करायच्या. त्यांनी फार तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, "इथं मला सगळे ओळखतात. पण अमक्याची सून म्हणून. माझं नाव घेऊन हाक मारणारं या गावात एटीएमचं मशीन तेवढं आहे." मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण "चार माणसं ओळखीची" हा जो वडिलांच्या यादीतला मोठा फायदा होता, तो मी तेव्हापासून जरा जपून मोजतो.

शेती करणाऱ्या काकांना हा सगळा प्रश्नच फालतू वाटतो. "जमीन काय पेनड्राइव्हात टाकून नेऊ?" त्यांच्या सात एकरांत केळी आहे, थोडी नवती, थोडी पिलबाग. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले गेले होते. पण भाव रोज बदलतो, आणि जाहीर झालेला भाव हातात पडेलच असं नाही. मे-जूनमध्ये एक वादळ आलं की घड लागलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. मग सीएमव्ही आला, त्यात रोपं उपटून फेकावी लागली. एवढं होऊनही काका यावल सोडायचा विचार करत नाहीत. आपल्या मुलाने मात्र सोडावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे, आणि त्यासाठी त्यांनी कर्ज काढून त्याला पुण्याला ठेवलंय. गाव चांगलं आहे का, असं त्यांना विचारलं तर "एक नंबर" म्हणतील. मुलाने परत यावं का, असं विचारलं तर उत्तर देणार नाहीत. खरं मत कोणतं धरायचं? मी दुसरं धरतो.

आता माझ्या लग्नाबद्दल सांगायलाच हवं, कारण गावाबद्दलचं मत सगळ्यात स्पष्ट तिथं कळतं. आमच्याकडे बायोडाटा मामांनी केला. नोकरीचं ठिकाण: पुणे. मी म्हटलं, मामा, मी तर इथं राहतो. मामा म्हणाले, "कंपनी कुठली? पुण्याची ना? मग झालं." मी ते बदलून "यावल (वर्क फ्रॉम होम)" केलं. पुढच्या चार महिन्यांत दोन फोन आले, त्यातला एक इन्व्हर्टर विकणाऱ्याचा होता. मामांनी पुन्हा पुणे केलं, आणि आठवड्याभरात सहा स्थळं आली. हे मी वाढवून सांगत नाहीये.

त्यातल्या एका मुलीशी बोललो. मूळ सावद्याची, पुण्यात टेस्टिंगला. मी पहिल्याच फोनवर खरं सांगितलं. तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, "मला गाव आवडत नाही असं नाही, मी तिथंच वाढले. पण सावद्यात मी रात्री आठला बाहेर पडले तर तीन जण विचारतात, कुठं निघाली. पुण्यात अकराला निघाले तरी कोणी विचारत नाही. यावल वेगळं आहे का?"

मी अकराला बसस्टँडवर चहा प्यायला जातो. कोणी विचारत नाही. विचारलंच तर "काय भो, झोप नाही का?" एवढंच. मी तिला म्हटलं, नाही, वेगळं नाही. त्यानंतर आम्ही तासभर बोललो, पुढंही बोलतोय, काय होईल ते होईल. पण पुणे-यावलची तुलना मी भाडं, पगार, ट्रॅफिकवर करत होतो आणि ती रात्री आठ वाजता दारातून पाऊल टाकण्यावर करत होती. तिच्या हिशेबात माझी एक्सेल शीट काहीच कामाची नव्हती.

एक मत राहिलं. आमच्या घराच्या वरच्या खोलीत दोन वर्षांपासून एक मुलगा भाड्याने राहतो. जामन्या-गाडऱ्याच्या बाजूचा, पावरा. सातपुड्यातला त्याचा पाडा इथून लांब नाही, पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस येणं-जाणं बंद. तो इथं राहून भरतीचा अभ्यास करतो, पहाटे ग्राउंडवर पळतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय यावलला आहे, म्हणून दाखला असो, शिष्यवृत्ती असो, त्याच्या पाड्यावरची माणसं काम पडलं की इथंच येतात आणि त्याच्या खोलीवर टेकतात. त्याला मी विचारलं, यावल कसं वाटतं? त्याला प्रश्न समजला नाही. मग म्हणाला, "लाइट असते ना दादा. रेंज असते. दवाखाना आहे. रात्री कोणी आजारी पडलं तर झोळी करून आणावं लागत नाही."

आम्ही ज्या गावातून सगळं "पुढं" नेतो, ते त्याच्या लोकांसाठी पुढचं गाव आहे. फोनवर तो घरी सांगतो, "मी सिटीत आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा जळगावला गेलाय.

मी पुढच्या रविवारचं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय. तीन दिवस तिकडं, बाकीचे दिवस जमेल तसे इकडं, सध्या एवढंच ठरलंय. आईने डब्याची तयारी आठ दिवस आधीच सुरू केलीये, वडील काहीच बोलत नाहीत. चिंचवडच्या चुलतभावाचा मेसेज आला: "शेवटी आलास ना!" वहिनींनी नाशिकला जाणारी चांगली गाडी कोणती ते विचारून घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही. आणि काल रात्री वरच्या खोलीतला तो मुलगा जिना उतरून आला. बराच वेळ दारात उभा राहिला, मग विचारलं, "दादा, तुम्ही गेल्यावर वायफाय चालू राहील ना?"

मी म्हटलं, राहील. पासवर्ड बदलला तर फोन करून सांगीन.