कळफलकाची पोच

टंकलेखनयंत्रापाशी बसून ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्या मनात कळ आणि अक्षर यांचे इतके घट्ट अद्वैत झालेले असते, की या दोहोंच्या मध्ये कोणी तिऱ्हाईत उभा असू शकेल, आणि त्याने ओळख दाखविली नाही तर कळ दाबूनही अक्षर उमटणार नाही, ही कल्पनाच त्यांना प्रथम परकी वाटते. माझी नोकरीची हयात कळफलकासमोर गेली. लोखंडी दांड्यांच्या यंत्रापासून यूएसबीच्या चपट्या पिनेपर्यंत त्याची बहुतेक रूपे माझ्या बोटांखालून गेली. आणि आज मागे वळून पाहताना असे दिसते की या प्रवासात अक्षरे उमटविण्याची कला फारशी बदलली नाही, बदलला तो या तिऱ्हाइताशी करावयाचा व्यवहार.

साताऱ्यास मी मराठी टंकलेखन शिकलो, त्या वर्गात भिंतीला लागून यंत्रांची रांग असे, आणि सायंकाळच्या तासाला सगळी यंत्रे एकदम चालू झाली म्हणजे त्या खडखडाटात गुरुजींचा शब्दही ऐकू येत नसे. कळ दाबली की तिचा दांडा उचलला जाई, दांड्याच्या टोकावरचा खिळा शाईच्या फितीवर आदळे आणि फितीमागच्या कागदावर अक्षर उमटे. ‘ध’, ‘भ’ यांसारख्या काही अक्षरांचे अर्धे रूपच यंत्रावर असे, आणि काना जोडून ते पूर्ण करावे लागे. हा सारा व्यवहार डोळ्यांदेखत चालत असल्यामुळे त्यातला बिघाडही डोळ्यांनाच सापडे. ‘ठ’ किंवा ‘व’ यांच्या पोटात शाई साचून ती अक्षरे भरीव उमटू लागली, की गुरुजी खिशातून टाचणी काढीत, खिळा उजेडाकडे वळवून त्याच्या पोकळीतला वाळलेला काळा कण अलगद उकरून काढीत, आणि कोऱ्या कागदावर तेच अक्षर पुन्हा उमटवून ते स्वच्छ दिसेपर्यंत जागचे हलत नसत. दुरुस्ती केली म्हणजे ती सिद्ध करून दाखवावयाची, हा संस्कार माझ्यावर त्या वर्गात झाला.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत बारनिशीच्या मेजावर रुजू झालो. बारनिशीचा पहिला धडा असा, की जावक नोंदवहीत क्रमांक पडल्याने कागद रवाना झाला एवढेच सिद्ध होते. घेणाऱ्याची सही आणि तारीख टपालवहीवर आल्याखेरीज तो पोचला असे म्हणण्याचा अधिकार कारकुनाला नाही. पोच आली नाही तर चौकशी करावी, मात्र ती टप्प्याटप्प्याने, कागद जेथून निघाला तेथून आरंभ करून करावी. वाटेतल्या प्रत्येकावर एकाच वेळी ठपका ठेवू नये. हीच शिस्त पुढे संगणकाच्या बाबतीत मला तंतोतंत उपयोगी पडली.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आमच्या कचेरीत संगणक आला. त्या काळच्या कित्येक संगणकांच्या पेटीवर पुढच्या अंगास एक लहानसे कुलूप असे. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या एटी संगणकापासून ही पद्धत पडली होती. कुलूप लावले की कळफलकाचे ऐकणे बंद होई, आणि किल्ली साहेबांच्या खणात राहून गेली तर सकाळी यंत्र जागे होऊनही कोणास दाद देत नसे. दुसरी गोष्ट कळफलकाच्या पोटाखाली दडलेली. १९८१ च्या मूळ आयबीएम संगणकाचा कळफलक ८३ कळांचा होता. त्याची संकेतांची बोली निराळी, १९८४ नंतरची निराळी. दोन्ही बाजारात नांदत असल्याने अनेक कळफलकांच्या तळाशी एक बारीक खटका ठेवलेला असे, त्याच्या एका टोकाला एक्सटी आणि दुसऱ्या टोकाला एटी अशी अक्षरे. मेज पुसताना फडक्याच्या ओढीने तो खटका सरकला, की चांगला धडधाकट कळफलक संगणकाच्या लेखी नाहीसा होई. पडद्यावर मग कळफलक आढळत नसल्याची सूचना येई, आणि तिच्याच खाली पुढे जाण्यासाठी एफ-वन ही कळ दाबावी असा आदेश. या आदेशाची लोक थट्टा करीत. मला त्यात लिहिणाऱ्याचा विश्वास दिसतो. ही ओळ वाचणारा मनुष्य खाली वाकून तार तपासील, खटका पाहील, कुलूप उघडील, आणि मग ती कळ दाबून आपले काम झाल्याची वर्दी देईल, असे तिने गृहीत धरले आहे.

संगणक सुरू होताना काय घडते हे मी त्या काळात मन लावून समजून घेतले. वीज मिळताच कळफलकातील स्वतःचा लहानसा नियंत्रक प्रथम आपली तपासणी करतो. तेवढ्या अवधीत त्यावरचे तीन दिवे एकदा लुकलुकतात. आणि सर्व ठीक असेल तर तो संगणकाकडे एए हा ठरलेला संकेत पाठवितो. हा संकेत मिळाला, की कळफलक हजर असल्याची नोंद होते. याहूनही मोलाची खूण कॅप्स लॉकच्या दिव्यात आहे. हा दिवा बसविलेला असतो कळफलकावर, पण तो पेटविण्याचा अधिकार संगणकाकडे असतो: कळ दाबल्याचा संकेत आत जातो, आतील प्रणाली तो समजून घेते, आणि दिवा लावण्याचा हुकूम उलट्या वाटेने कळफलकाकडे येतो. म्हणून कॅप्स लॉक दाबताच तो हिरवा ठिपका उजळला आणि पुन्हा दाबताच मावळला, तर जाण्याची व येण्याची अशा दोन्ही वाटा शाबूत आहेत हे निर्विवाद. टपालवहीवरची सही ती हीच.

कालांतराने जाड गोल पिनेची जागा १९८७ च्या पीएस-टू पद्धतीच्या बारीक गोल पिनेने घेतली. पुढे कळफलकासाठी जांभळा आणि माउससाठी हिरवा असे तिचे रंगही ठरून गेले. १९९६ मध्ये यूएसबी आली, आणि तिच्याबरोबर शिष्टाचारच पालटला. जुना कळफलक कळ दाबताच आपण होऊन संगणकाला हाक देई. यूएसबीचा कळफलक विचारल्यावाचून बोलत नाही: संगणकाने जोडलेल्या उपकरणाची दखल घ्यावी, त्याला एक क्रमांक द्यावा, ‘तू कोण’ म्हणून त्याच्याकडून तपशील मागवावा, आणि त्यानंतरही वारंवार विचारीत राहावे, तेव्हा कोठे दाबलेली कळ आत पोचते. विंडोजसारखी मुख्य प्रणाली ही विचारपूस उत्तम जाणते. परंतु ती जागी होण्यापूर्वी कारभार पाहणारी बायॉस नावाची जी अल्पशी प्रणाली मदरबोर्डवर असते, तिला हे विचारणे शिकविलेले नसेल, किंवा शिकविलेले असूनही ती तरतूद बंद असेल, तर उंबरठ्यावर उभा असलेला कळफलक जोडलेला असूनही मुका राहतो.

निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात मी जाऊन बसू लागलो, तेव्हा याचा प्रत्यय आला. तेथे एक जुना संगणक आहे, आणि परीक्षांचे व भरतीचे अर्ज भरण्यासाठी आसपासच्या वाड्यांवरची मुले त्याच्याकडे येतात. एके सकाळी तो पहिल्याच काळ्या पडद्यावर अडून राहिला. साठविलेली मांडणी पुसली गेली आहे, एफ-वन दाबा, एवढेच तो सांगे. ग्रंथपाल म्हणाल्या, “काका, कीबोर्ड गेला वाटतं. नवीन मागवू का?”

मी म्हणालो, “ताई, जरा थांबा. वीज पोचते का, एवढं आधी बघू.”

संगणक बंद करून पुन्हा लावला. कळफलकाचे तिन्ही दिवे क्षणभर लुकलुकले. वीज पोचत होती. कॅप्स लॉक दाबले. ठिपका उजळला नाही. तार पुढच्या खाचेतून काढून मागच्या बाजूस, थेट मदरबोर्डवर बसविलेल्या खाचेत लावली, तरीही नाही. तोच कळफलक ग्रंथपालांच्या मेजावरील दुसऱ्या संगणकाला जोडताच निमूटपणे काम करू लागला. कळफलक निर्दोष ठरला. मग पुसल्या गेलेल्या मांडणीचे कारण शोधावयाचे. गेले काही दिवस सकाळी पडद्यावरची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते, असे ताईंनी बोलता बोलता सांगितले, आणि उलगडा झाला. मदरबोर्डवर सीआर-२०३२ नावाची, २० मिलिमीटर व्यासाची व तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ आणि मांडणी तिच्यावर जगतात. ती संपली होती. वाचनालयाची मुख्य कळ रात्री बंद होई तेव्हा मांडणीची स्मृती लोपे, सकाळी बायॉस आपल्या मूळ मांडणीवर येई, आणि त्या जुन्या मदरबोर्डच्या मूळ मांडणीत यूएसबी कळफलकाची विचारपूस बंद होती. सुधारणा करावयाची तर कळ दाबावयास हवी, आणि कळ तर ऐकली जात नाही, असा तो पेच होता.

कपाटाच्या तळाशी जांभळ्या पिनेचा एक जुना कळफलक धूळ खात पडला होता. संगणक पूर्ण बंद करून तो जोडला, नवी बॅटरी बसविली, आणि यंत्र सुरू केले. जुन्याची हाक बायॉसने तत्काळ ऐकली. डिलीट दाबून मांडणीत शिरलो, यूएसबी कळफलकाची तरतूद चालू केली, तारीख सुधारली, एफ-टेनने सारे कायम केले. नवा कळफलक जोडून पुन्हा आरंभ केला, तेव्हा कॅप्स लॉकचा ठिपका पहिल्याच दाबाला उजळला. ताईंनी तो दोनदा लावून मालवून पाहिला, आणि बाकावर थांबलेल्या मुलाला अर्ज भरण्यास बोलावले.

या प्रसंगाने माझे एक मत पक्के झाले आहे. नव्या संगणकांत लवकर सुरू होण्याची जी सोय असते, ती चालू असता यूएसबी उपकरणांची प्रारंभीची विचारपूस पुष्कळदा वगळली जाऊन काही क्षण वाचतात. सार्वजनिक जागेतल्या संगणकावर ती बंद ठेवावी. मुदतीच्या अखेरच्या दिवशी अर्ज घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचे ऐकले जाईल याची खातरी त्या वाचलेल्या क्षणांहून कितीतरी मोलाची आहे, आणि कोण हजर आहे याची चौकशी करून मगच कामास लागणे हा वेळेचा अपव्यय नसून सेवेचा पहिला भाग आहे. वर्षअखेरीस जडसंग्रह नोंदवहीतील जुन्या वस्तूंचे निर्लेखन करण्याचा विषय कार्यकारी मंडळापुढे आला, तेव्हा त्या जांभळ्या पिनेच्या कळफलकाचे नाव यादीतून वगळावे अशी मी विनंती केली, आणि कारणे लेखी दिली. मंडळाने ती मान्य केली. शेऱ्याच्या रकान्यात आता त्याच्यापुढे ‘चालू स्थितीत, दुरुस्तीसाठी आवश्यक’ अशी नोंद आहे.