कौतुक झालं, आता चालतं कसं ते सांगा!

भेटेल त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटले आहे. चांगलं काम उभं कसं राहतं आणि टिकतं कसं, यावर जगभर चक्क संशोधन चालतं! विद्यापीठांत त्याची केंद्रं आहेत, स्वतंत्र नियतकालिकं आहेत, पीएचडी होतात, कडाक्याचे वाद होतात. विषयाचं नाव सामाजिक उद्योजकता. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्याचा एम.ए.चा अभ्यासक्रम २००७ मध्ये सुरू झाला. माझ्या भाचीने तो केला. मीरा रोडहून लोकलच्या गर्दीत वाचत नेलेल्या तिच्या झेरॉक्स आमच्या माळ्यावर पडून होत्या. साफसफाईत त्यातली एक हाती लागली, आणि साफसफाई तिथेच राहिली!

ती होती ग्रेगरी डीस या अमेरिकी प्राध्यापकाच्या १९९८ सालच्या निबंधाची. मोजकी पानं, पण प्रश्न केवढा! दुकान चांगलं चाललंय हे गल्ला सांगतो. पण ज्याचं भलं करायचं त्याच्याच खिशात पैसे नसतील, तर काम चांगलं चाललंय हे कोण सांगणार? बाजाराला अशा कामाची किंमत नीट करता येत नाही, असं डीस म्हणतात. मग ते मोजायचं कसं? त्यासाठी पैसा कुठून आणायचा? आणि पैसा आला की मूळ हेतू सुटू नये म्हणून काय करायचं? या प्रश्नांभोवती पुढे एक अख्खं अभ्यासक्षेत्र उभं राहिलं. ऑक्सफर्डमध्ये २००३ साली स्कोल केंद्र निघालं, २०१० पासून या विषयाला वाहिलेलं आणखी एक संशोधन-नियतकालिक निघू लागलं.

आणि या क्षेत्राचे कितीतरी धडे कुठले? आपल्याकडचे! हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने १९९३ मध्येच मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयावर अभ्यास लिहून वर्गात शिकवायला घेतला. डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं. तिथल्या शस्त्रक्रियागृहाबद्दल वाचताना मी थक्क झाले. एका टेबलावर मोतीबिंदू काढणं चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. डॉक्टरांनी फक्त डॉक्टरांचंच काम करायचं, बाकी सगळं प्रशिक्षित मुली सांभाळतात. म्हणून एक डॉक्टर दिवसभरात कितीतरी जास्त डोळे करतो, खर्च उतरतो, आणि पैसे देणाऱ्यांच्या जोरावर न देऊ शकणाऱ्यांवर मोफत उपचार होतात. डोळ्यात बसवायची भिंगं महाग पडत होती, तर १९९२ मध्ये ती बनवायचा कारखानाच काढला. यात दया आहेच, पण त्या दयेला वेळापत्रक आहे!

मग लिज्जतकडे मी नव्याने पाहिलं. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, उसने ८० रुपये, इतकं आपल्याला पाठ असतं. पण खरी गंमत व्यवस्थेत आहे. पीठ केंद्रात मळलं जातं, त्यामुळे चव एक. लाटणं घरी होतं, त्यामुळे मुलं सांभाळून काम होतं. दुसऱ्या दिवशी पापड वजन करून घेतात आणि लाटणावळ हातात पडते. काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण, आणि देणगी घ्यायची नाही हा नियम. यातला एकेक नियम घेऊन विचारावं, हा काढला तर काय कोसळेल? मला तर या प्रश्नाचं वेडच लागलंय.

पण सगळ्यात जास्त आनंद मला दिला तो आपल्या महाराष्ट्रातल्या अभ्यासकांनी. हे लोक नुसते लांबून टिपणं काढत बसले नाहीत! पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तो कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. रेल्वे फलाटांवर आपण वर्षानुवर्षं पाहिलेला १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर जेरू बिलिमोरियांनी १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचाच प्रकल्प म्हणून सुरू केला. तेव्हा त्या तिथे शिकवत होत्या. पुढे तो देशभर गेला आणि आता ती सेवा सरकार चालवतं.

आणि पुण्याच्या कचरावेचक! एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. बाबा आढावांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. मग अभ्यास झाला, की या बायका किती माल वेचून पुन्हा वापरात आणतात आणि त्यामुळे महापालिकेचा कचरा उचलण्याचा खर्च किती वाचतो. हा हिशेब मांडला गेला, आणि बोलण्याचा सूरच पालटला. आम्हाला मदत करा, असं म्हणायची गरज उरली नाही. आम्ही शहराचे पैसे वाचवतो, हे आकड्यांनिशी सांगता येऊ लागलं. ओळखपत्रं आधीच मिळाली होती, पुढे आरोग्य विमा आला, आणि त्यातूनच घरोघरी कचरा गोळा करणारी, कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. संशोधन माणसाच्या हातात काय देऊ शकतं, ते मला इथे कळलं.

या क्षेत्राने स्वतःलाही सोडलेलं नाही. अभ्यासक टीना डासिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये परखडपणे लिहिलं, की एकट्या नायकाच्या गोष्टीत फार रमू नका. तसं केलं की सोबतची माणसं आणि फसलेले प्रयत्न दिसेनासे होतात. आपणही हेच करतो ना? शाल, श्रीफळ, सत्कार, टाळ्या, फोटो! पण ताई, पगार कशातून देता, तुमच्यामागे हे कोण चालवणार, मागची शाखा का बंद पडली, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही, किंवा अपमान होईल असं वाटतं. मला आता ठामपणे वाटतं, की असं विचारणं हाच मोठा सन्मान आहे. कारण नायकाची नक्कल करता येत नाही, पण रीत समजली तर ती दुसऱ्या गावात लावून पाहता येते.

आमच्या मीरा रोडच्या शांतीनगरातल्या बचत गटाची वही मी त्या नजरेने उघडली. दरमहा प्रत्येकी २०० रुपये. शिलाई मशीनसाठी १२ हजारांचं कर्ज, दहा हप्ते, शेकडा दोन व्याज, आणि ते व्याज पुन्हा गटातच. एका पानावर हप्ता चुकलाय, समोर शेरा, 'मूल आजारी, पुढच्या महिन्यात दोन'. पुढच्या पानावर दोन हप्ते जमा! बँकेने नोटीस धाडली असती. इथे गटाने कारण ऐकलं, मुदत दिली आणि वसुलीही केली. यावर लिहायला कुणीतरी यायलाच हवं!

आणि विषय थोडे आहेत का? दिवाळीचा फराळ करणारे गट चारच महिने का चालतात? उत्तनच्या मच्छीमार सोसायट्यांना कशाने धरून ठेवलं? परगावहून इथे येऊन वसलेल्या, एकमेकींची भाषा न बोलणाऱ्या बायका एका वहीवर विश्वास कसा ठेवतात? आमच्या गटाने ठरवलंय, की वह्या अभ्यासाला खुल्या करायच्या, चुकलेल्या हप्त्यांसकट. मीरा-भाईंदरच्या कॉलेजांतल्या मुलामुलींनो, प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर या. प्रश्न अवघड आणा. चहा आमच्याकडे.