एसजीपीटी नॉर्मल, पण कोणाचं?

अंबडला जनावरांचा दवाखाना चालवायचा म्हणजे एमआयडीसीतले राखणीचे कुत्रे, सिडकोच्या फ्लॅटमधली मांजरं आणि पाथर्डी-चुंचाळ्याकडच्या गोठ्यांतल्या गाई, सगळेच येणार. रिपोर्टवर मात्र एन्झाइमांची तीच नावं: एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज.

कुत्र्याच्या यकृतपेशींत एसजीपीटी भरपूर. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. गाईच्या आणि घोड्याच्या यकृतात ते इतकं थोडं असतं, की यकृत बिघडलं तरी आकडा नॉर्मल राहू शकतो. म्हणून मालक गाईचा रिपोर्ट पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, लिव्हर चांगलंय ना?" तर मी लगेच हो म्हणत नाही. गाईला जीजीटी आणि जीएलडीएच बघायचं.

खरी परीक्षा घेते ती व्यायल्यावर बसलेली गाय. कॅल्शियम दिलं, तरी उठत नाही. कोब्यावर तासन् तास एकाच कुशीवर पडून तिच्या मांडीचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली चेपतात. एसजीओटी वाढतं, पण ते यकृतातही असतं आणि स्नायूंतही. अशा वेळी सीके मागवावं; ते मुख्यतः स्नायूंचं. सीके काही तासांत उतरू लागतं, एसजीओटी मात्र कित्येक दिवस रेंगाळतं. सीके उतरलंय आणि एसजीओटी अजून चढलेलंच आहे, म्हणजे इजा थांबली. गाईला आशा आहे. दोन्ही चढतच असतील, तर सलाइनपेक्षा आधी खाली वाळू किंवा पाचटाचा जाड थर आणि दर काही तासांनी कूस बदलणं.

मांजराचं अल्कलाइन फॉस्फेटेज थोडंसं वाढलं तरी मी गंभीरपणे घेतो, कारण ते रक्तात जेमतेम सहा तासांत निम्मं होतं. कुत्र्यात त्याला तीनेक दिवस लागतात. शिवाय कुत्र्याला स्टेरॉइड दिलं, की त्याचं यकृत या एन्झाइमचा एक वेगळाच प्रकार बनवू लागतं.

आणि वासरू! पोटभर चीक प्यायलेल्या वासराचं जीजीटी भलतंच चढतं. ते गाईच्या चिकातून आलेलं असतं, आणि मला त्या आकड्याचा आनंदच होतो. शिंगरात असं होत नाही; घोडीच्या चिकात ते फारसं नसतंच.

मालकांनो, नमुना देताना एवढं सांगत चला: प्राणी कोणता, वय काय, कधी व्याली, किती तास बसून आहे, आधी कोणती इंजेक्शनं झाली. आणि लॅबवाल्यांनो, गाईच्या रिपोर्टवर माणसाची नॉर्मल रेंज छापू नका.