चिकलठाण्याचं औषध आणि जंतूंची वंशावळ

न्यूमोनियाच्या औषधांचा विषय निघाला की छत्रपती संभाजीनगरचं नाव अभिमानाने घ्यावं असं काम इथे झालं आहे. नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चिकलठाणा एमआयडीसीतल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात घडलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरात देशापुढे आलं. दिवसाला एकदा, तीनच दिवस घ्यायचं. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकॉकसवरही ते चालतं. या कामाचं मला फार मोल वाटतं, म्हणूनच काळजीही वाटते. औषध शोधण्यात वर्षानुवर्षं जातात. ते कोणत्या जंतूवर किती काळ चालेल यावर नजर ठेवायची व्यवस्था मात्र आपण तितक्या नेटाने उभारत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडणाऱ्या जंतूंचं जिनोम सिक्वेन्सिंग मराठवाड्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नेहमीच्या कामात यायला हवं, ते प्रबंधांपुरतं राहू नये, असं माझं ठाम मत आहे.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला होणारा न्यूमोनिया पाहा. तो करणारा एक जंतू म्हणजे क्लेब्सिएला. आयसीएमआरच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत तपासलेल्या क्लेब्सिएलापैकी २०१६ मध्ये ६५ टक्के इमिपेनेम या प्रतिजैविकाला दाद देत होते, २०२१ मध्ये ४३ टक्के. कल्चरचा रिपोर्ट औषधापुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, लिहितो. तो कशामुळे, हे सांगत नाही. जंतूत एनडीएम हे प्रतिकाराचं जनुक असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम एकटं देऊन भागत नाही, जोडीला अ‍ॅझट्रिओनाम लागतं. ऑक्सा-४८ गटातलं जनुक असेल तर तेच औषध सहसा एकटं पुरतं. एवढं तर पीसीआरही तासाभरात सांगेल, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. पण पीसीआर विचारलेल्या जनुकापुरतंच उत्तर देतो, आणि दोन रुग्णांतल्या जंतूंचं नातं त्याला कळत नाही. अमेरिकेतल्या एनआयएच रुग्णालयात २०११ मध्ये एकाच क्लेब्सिएलाने १८ रुग्णांना गाठलं. ११ दगावले, त्यांतले सहा मृत्यू या जंतूमुळे झाले. पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला होता, त्यामुळे वरकरणी दोघांचा संबंध लागत नव्हता. अक्षराला अक्षर लावून जिनोम वाचल्यावर साखळी उलगडली. धुऊन-पुसून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तोच जंतू निघाला. आयसीयूत एकाच कुळाचा जंतू खाटेवरून खाटेवर जातो आहे, की एनडीएम वाहणारा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचा सुटा तुकडा, वेगवेगळ्या जंतूंत उड्या मारतो आहे, यावर उपाय ठरतो. पहिल्यात हात आणि उपकरणं तपासावी लागतात. दुसऱ्यात एका जंतूमागे धावून काहीच साधत नाही.

जिथे तालुक्याच्या ठिकाणी साधं कल्चरही होत नाही तिथे ही चैन कशाला, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कल्चरसाठी ठेवलेला पैसा इकडे वळवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. प्लेटवर जंतू वाढलाच नाही तर वाचायचं काय? पण प्रत्येक रुग्णाचा नमुना वाचा, असं मी म्हणतच नाही. आयसीयूतले निवडक जंतू दर आठवड्याला एकत्र वाचले तरी पुरे. क्लेब्सिएलाचा जिनोम सुमारे ५५ लाख अक्षरांचा, एका फेरीत असे कितीतरी बसतात. कोविडने राज्याला सिक्वेन्सिंगची सवय लावली आहे आणि इथल्या विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं पॉल हेबर्ट केंद्र आहे. दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे: जनुक असलं म्हणजे प्रतिकार असतोच असं नाही, आणि बेडक्यात सापडलेला जंतू नुसता घशात राहणाराही असू शकतो. म्हणूनच जिनोमचा निष्कर्ष कल्चर, एक्स-रे आणि रुग्णाच्या लक्षणांसोबत वाचायचा. एकट्या जनुकावर औषध बदलायचं नाही.

घाई मला एकाच गोष्टीची वाटते. नॅफिथ्रोमायसिनचा वापर सर्वदूर होण्याआधीचे न्यूमोकॉकस आत्ताच साठवून वाचायला हवेत. पुढे हे औषध कुठे चालेनासं झालं तर बदल नेमका कुठल्या जनुकात झाला, हे त्याच नमुन्यांशी ताडून कळेल, आणि ते नंतर गोळा करता येणार नाहीत.