नाताळबाबाची शिंगे

जी माणसे सदासर्वकाळ गोड हसतात त्यांच्याविषयी मला लहानपणापासून एक बारीकशी शंका आहे. डिसेंबर महिन्यात दुकानाच्या दारात कापसाची दाढी लावून घंटा वाजवणारा नाताळबाबा त्यांतलाच एक. या गृहस्थाला राग म्हणून कसा तो येत नाही. साऱ्या जगातल्या मुलांचे वर्षभराचे प्रताप त्याला म्हणे घरबसल्या कळतात, आणि तरीही त्याचे हसू मावळत नाही! शंभर मुलांचा वर्ग पाऊण तास सांभाळून घामाघूम होणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हे पटणे जरा कठीणच.

म्हणूनच 'रेअर एक्सपोर्ट्स' हा फिनलंडमधला चित्रपट पाहिला तेव्हा मला मनापासून बरे वाटले. यालमारी हेलांदर या दिग्दर्शकाने तो २०१० साली काढला. चित्रपट भयाचा आहे आणि विनोदाचाही आहे. आणि त्यातला नाताळबाबा हसत तर नाहीच, त्याला चांगली भली थोरली शिंगे आहेत.

ही शिंगे दिग्दर्शकाने पदरची लावलेली नाहीत. फिनिश भाषेत नाताळबाबाला 'योउलुपुक्की' म्हणतात. 'योउलु' म्हणजे नाताळ आणि 'पुक्की' म्हणजे चक्क बोकड! माणसे विसरतात, पण शब्द विसरत नाहीत. जुन्या काळी तिकडे १३ जानेवारीला, संत नूत याच्या दिवशी, गावातले बाप्ये केसाळ कातडी उलटी पांघरून आणि शिंगे लावून घरोघर हिंडत आणि सणातले उरलेसुरले खाणेपिणे मागत. मिळाले तर ठीक, नाहीतर धिंगाणा! म्हणजे हा मूळचा बाबा देणारा नव्हे, मागणारा. पुढे परदेशातून लाल डगला आणि भेटींचे गाठोडे आले आणि बोकडाचे आजोबा झाले. १९२७ साली फिनलंडच्या रेडिओवर मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या मार्कुस राउतिओ यांनी त्याला पत्ताही मिळवून दिला : कोर्वातुंतुरी, म्हणजे लॅपलंडात रशियाच्या सरहद्दीवर असलेला कानाचा डोंगर. एवढा मोठा कान असल्यावर जगातल्या पोरांचे बोलणे ऐकू न यायला काय झाले?

चित्रपट सुरू होतो तो याच डोंगरावर. एक परदेशी कंपनी तिथे खोदकाम करीत असते. खूप खोलवर लाकडाचा भुसा लागतो. बर्फ टिकवायचा तर भुशात ठेवावा, हे आपल्याकडच्या गोळेवाल्यालाही ठाऊक आहे. म्हणजे डोंगराच्या पोटात कुणीतरी, काहीतरी मुद्दाम गोठवून ठेवलेले आहे! कंपनीचा साहेब कामगारांना सुरक्षिततेचे नियम वाटतो : दारू प्यायची नाही, विडी ओढायची नाही, शिवी द्यायची नाही, आणि कानामागे स्वच्छ धुवायचे. दांडगे दांडगे कामगार तो कागद हातात धरून एकमेकांकडे पाहतात, तेव्हा हसू आवरत नाही. पण हसता हसताच लक्षात येते की, ज्याच्यासाठी हे नियम आहेत तो आता फार दूर नाही.

गोष्टीचा नायक पिएतारी हा एक लहानसा मुलगा आहे. आई नाही. बाप राउनो हा रेनडिअरचा खाटीक; वर्षाची कमाई त्या एका कळपावर. नाताळाच्या तोंडावर तो सारा कळप बर्फात मरून पडलेला सापडतो. मोठी माणसे म्हणतात, लांडग्यांनी मारला. डोंगराभोवतीच्या कुंपणाला भोक पडले आहे, आणि ते पाडण्यात आपला हात आहे, हे पिएतारीला ठाऊक आहे. घरी येऊन तो जुनी पुस्तके उघडतो. त्यांतला नाताळबाबा वाईट मुलांना फोडून काढतो, कढईत उकळतो. फार पूर्वी सामी लोकांनी त्याला फसवून गोठलेल्या तळ्यावर आणले, बर्फात गाडले आणि वर डोंगर रचला, अशी ती कथा.

आता हे पोर काय करते? नाताळापर्यंतचे दिवस मोजण्याचे एक पुठ्ठ्याचे कॅलेंडर असते. रोज त्याची एक खिडकी उघडायची. पिएतारी त्यातली चोवीस तारखेची खिडकी स्टेपलरने पक्की बंद करून टाकतो. तारीखच उगवली नाही तर बाबा येणार कसा! शिवाय छड्या बसतील त्या जागी, म्हणजे विजारीच्या बुडाशी, पुठ्ठा घालून ठेवतो. आपण खूप हसतो. मग एकदम ध्यानात येते की, या मुलाने एवढी तयारी एकट्याने केली. कारण विचारायला जावे असे त्याला कोणी नव्हते.

पुढे गावातली मुले नाहीशी होतात आणि त्यांच्या बिछान्यात गवताच्या बाहुल्या सापडतात. खोल्या तापवण्याची यंत्रे चोरीला जातात. बापाने लांडग्यासाठी खणलेल्या खड्ड्यात एक नागडा, दाढीवाला म्हातारा सापडतो, आणि तो फक्त लहान मुलाकडे टक लावून पाहतो. हाच नाताळबाबा, असे समजून गावकरी त्याला कंपनीला विकायला निघतात. खाटकाचा हिशोब, तो चुकायचा कसा! पुढचे मी सांगत नाही. सगळ्या बाप्यांची मती गुंग होते तेव्हा पुस्तक वाचलेला मुलगाच पुढे होतो, इतकेच सांगतो. आणि नावातल्या त्या 'दुर्मिळ निर्याती'चा उलगडा शेवटी होतो तेव्हा, जगातल्या दुकानांना इतके नाताळबाबा पुरवतो कोण, हे कळून माणूस हसतोही आणि दचकतोही. मात्र घरातल्या लहान मुलांना घेऊन बसण्याजोगा हा चित्रपट नव्हे.

मुलांना असे घाबरवणे बरे नव्हे, असे कोणी म्हणेल. ही तक्रारही जुनीच आहे. आइसलंडमध्ये नाताळात डोंगरातून उतरणाऱ्या तेरा द्वाड भावांच्या गोष्टी सांगून मुलांना भिवविण्याची इतकी चाल होती की, १७४६ साली तिथल्या डॅनिश सरकारने त्यावर बंदीचा हुकूम काढला. आल्प्सच्या बाजूला संत निकोलासच्या जोडीने शिंगवाला क्रांपुस अजूनही ५ डिसेंबरच्या रात्री साखळ्या वाजवीत फिरतो. धाकासाठी मुलाला भिववणे मलाही आवडत नाही. पण या चित्रपटाने माझ्या मनात वेगळाच विचार आणला. पिएतारीचा घात बागुलबुवा करीत नाही. 'काही नाही रे, तू जा खेळायला' म्हणणारी मोठी माणसे करतात.

मी आठ वर्षांचा असताना माझे आजोबा गेले. 'आजोबा गावाला गेलेत,' असे मला सांगण्यात आले. मी पंधरा दिवस रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन एस्.टी.तून उतरणारी माणसे न्याहाळीत असे. आजोबा येणार नाहीत हे मला कळत नव्हते असे नाही. आजीचे आतल्या खोलीत बसून राहणे, मला पाहताच आईचे डोळे पुसणे, हे सारे दिसत होते. पण ज्या गोष्टीला घरात नाव नाही तिच्याविषयी बोलायचे कुणाशी? माझे हे स्टँडवर जाणे म्हणजे पिएतारीचा विजारीतला पुठ्ठाच होता.

पिएतारी आणि राउनो यांची कामे करणारे ओन्नी आणि योर्मा तोम्मिला हे खरोखरीचे मुलगा आणि बाप आहेत. त्यांच्यात बोलणे फारसे होत नाही. पण शेवटी शेवटी बाप मुलाचे म्हणणे पहिल्यांदाच पुरते ऐकून घेतो. त्या प्रसंगी शिंगवाल्या राक्षसाचा निम्मा जोर जातो, असे मला वाटले.

यंदा पावसाळ्यात माझी आई आजारी पडली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने एका रात्री विचारले, "बाबा, आजी बरी होईल ना?" 'होईल गं, झोप तू,' हे शब्द अगदी ओठांवर होते. ते मी गिळले, तिच्या शेजारी बसलो आणि डॉक्टरांनी जे सांगितले होते ते तिला कळेल अशा शब्दांत सांगितले. ती थोडी रडली. मग म्हणाली, "मग उद्या मी शाळेतून आले की आजीजवळ बसते." आणि कूस बदलून झोपी गेली. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही.