रानघोडा नावाचा कोंबडा

मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता एडिनबर्गला होतो. किल्ला, राजवाडा, बाजार सगळे बघून झाल्यावर मी म्हटले, "आता इथले रान दाखव." मुलाने ॲव्हिमोरची तिकिटे काढली. रेल्वेने तीनेक तासांचा प्रवास. तिथून ॲबरनेथीचे जंगल जवळच आहे.

केर्नगॉर्म्स डोंगरांच्या पायथ्याचे हे जुन्या पाइन वृक्षांचे रान. खानापूर-लोंढ्याच्या गच्च झाडीची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते विरळच वाटते. तांबूस खोडे, मधे मोकळी जागा आणि खाली ब्लेबेरीची गुडघाभर झुडपे. करवंदासारखी काळीनिळी, पण त्याहून लहान फळे त्यांना लागतात. या झुडपांच्या आधाराने कॅपरकेली हा पक्षी राहतो. ग्राऊज जातीच्या पक्ष्यांत सर्वांत मोठा हाच. आपला रानकोंबडा आणि मोर ज्या मोठ्या कुळातले, त्याच कुळातला हा.

मी सूनबाईला म्हटले, "म्हणजे तुमची काडुकोळीच की!" ती धारवाडची. नावाचा अर्थ तिने आधीच वाचून ठेवला होता. हसून म्हणाली, "नाही मामा, काडुकुदुरे!" तिथल्या जुन्या गेलिक भाषेतल्या ज्या नावावरून 'कॅपरकेली' आले, त्याचा अर्थच मुळी 'रानघोडा'!

नावाला शोभेल असाच नर असतो. वजन चार किलोच्या आसपास, काळसर अंग, छातीवर हिरवी झाक, डोळ्यांवर लाल पट्टी. मादी तपकिरी, ठिपक्या-पट्ट्यांची, वजनाने निम्मी. एप्रिल-मेच्या पहाटे नर ठरावीक जागी जमतात, शेपटीचा पंखा करून नाचतात. आधी टकटक, मग बाटलीचे बूच उडाल्यासारखा आवाज, शेवटी कोयत्याला धार लावल्यासारखी घासघास. या शेवटच्या क्षणी त्याला काही ऐकू येत नाही, हे शिकाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते.

हिवाळ्यात बर्फ पडले की तो मुख्यतः पाइनच्या सुयांवर जगतो. बोटांच्या कडांना दातेरी झालर फुटते, त्यामुळे बर्फात पाय रुतत नाहीत. मादी जमिनीवरच सात-आठ अंडी घालते आणि पिल्ले एकटीच वाढवते. पहिले काही आठवडे पिल्लांना अळ्या लागतात, त्या मिळतात ब्लेबेरीवर. नेमका त्याच वेळी, जूनमध्ये, गार पाऊस लागून राहिला की पिल्ले गारठून मरतात.

जंगलतोड आणि शिकार यांमुळे १७८५ च्या सुमारास स्कॉटलंडमधून हा पक्षी नाहीसाच झाला होता. १८३७ मध्ये स्वीडनहून पक्षी आणून टेमथ येथे सोडले, आणि ते वाढले. १९७० च्या दशकात संख्या वीस हजारांच्या आसपास होती असे मानतात. २०२१-२२ च्या हिवाळ्यातल्या गणतीत अंदाज निघाला तो केवळ ५३२ चा. २००१ पासून शिकारीला बंदी आहे, तरी ही गत. हरणांपासून रोपे वाचवायला घातलेल्या तारेच्या कुंपणांवर आपटून कित्येक मेले. अंडी खाणारा पाइन मार्टेन वाढला. पण तोही संरक्षित प्राणी, त्याला मारायचे कसे? अभ्यासकांनी तोड काढली. अंड्यांच्या हंगामात त्याच्यासाठी हरणाचे मांस वेगळे टाकून ठेवले. जिथे असे केले, तिथे पिल्लांसह आढळणाऱ्या माद्यांचे प्रमाण दुपटीहून वाढले.

माणसाच्या वर्दळीचाही त्रास आहेच. नाचाच्या जागी पक्ष्यांना त्रास देणे हा तिथे गुन्हा आहे. पायवाट सोडू नका, कुत्रा बांधून ठेवा, पक्षी शोधत फिरू नका, असे सांगणे असते. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्या लांब आलोय, थोडे आत जाऊन बघू या का?" सौ. म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत कोणी डोकावते का रे?" आम्ही वाटेनेच चाललो आणि वाटेनेच परतलो.

बेळगावला आल्यावर जो तो विचारतो, "मग दिसला का?" नाही दिसला. दोन तास त्याच्या रानात फिरलो, त्याला न उठवता परत आलो, एवढे मात्र सांगतो. आपल्या भीमगडच्या रानातली रानकोंबडीही जमिनीवरच अंडी घालते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन तिकडे जाल, तेव्हा वाट सोडू नका.